बेचाळीस बैलांचा निकाल

मी बैलांची परीक्षा घेतली.

लेखी नव्हे, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. पण परीक्षा क्रमांक, विषयवार गुण, उत्तीर्णतेची रेघ, सगळे रीतसर होते. बेचाळीस उमेदवार परीक्षेला बसले, म्हणजे उभे राहिले, आणि परीक्षक मी एकटा. हे मी पैजेवर केले नाही की भांगेच्या तारेत केले नाही. समाजसेवा म्हणून केले.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते आणि पदवी घ्यायची तर आम्हाला नागपूर गाठावे लागे. पदवीदानाच्या दिवशी भाड्याचा काळा झगा चढवून मी मंडपात बसलो होतो. झगा माझ्याहून वीतभर उंच माणसाच्या मापाचा असल्याने उठताना माझाच पाय त्यात अडकत होता. व्यासपीठावरचे पाहुणे अर्धा तास इंग्रजीत बोलले. विद्यापीठ ही कारकून काढायची गिरणी नव्हे, ज्या खेड्यांच्या घामावर तुम्ही शिकलात तिथे परत जा, तिथल्या माणसाच्या अडचणीला आपली विद्या लावा, असा त्याचा मथितार्थ. टाळ्या कडाडल्या. माझ्या रांगेतले सगळे टाळ्या वाजवून झाल्यावर नोकरीचे अर्ज करायला गेले. भाषण खरे मानून मलकापूरचे तिकीट काढणारा मी एकटाच निघालो.

मलकापूर स्टेशनावर काका गाडी घेऊन आले होते. वडील मी पाळण्यात असतानाच गेले; काका-काकूंनीच मला वाढवले आणि त्यांना दुसरे मूलबाळ नव्हते. आमचे गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडे, बाजाराला तिथेच जाणारे. वाटेत काकांनी बराच वेळ विचार करून विचारले, "बी.ए. म्हनजे तहसीलदाराच्या वर का खाली?"

"बाजूला," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. बाजूला म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारले नाही आणि मला सांगताही आले नसते.

घरी काकूंनी विचारले, एवढी वर्षं शिकलास काय? मी म्हटले, तर्कशास्त्र. म्हणजे काय ते सांग. मी सोपे करून सांगू लागलो, "सगळी माणसं मरतात. आपले काका माणूस आहेत. म्हणून..."

"गप बस बे!" काकू उठल्याच. "दिवेलागनीच्या वक्ती घरच्या मानसाचं असं बोलते काय कोनी? हे शिकाले गेलता नागपूरले?"

पुढचे सहा महिने मी सेवेची संधी शोधत गावभर फिरलो. संधी मला चुकवून फिरत होती. मारुतीच्या पारावर मी माशांपासून होणाऱ्या रोगराईवर व्याख्यान दिले. लोकांनी मन लावून ऐकले. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "पटलं. पन हे माश्याईले कोन सांगन?" एवढ्यावर व्याख्यान आटोपले. गावाने माझे नावही टाकून दिले होते. लहानथोर मला 'बीए' म्हणूनच हाक मारीत. "ओ बीए, जरा म्हैस धरता काय?" अशी सेवा मात्र मी पुष्कळ केली.

मग श्रावण आला आणि खरी अडचण चालून आली.

आमच्या गावात दोन पाटील होते, वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे. दोघे एकाच पणजोबांचे पणतू. त्या पणजोबांना दोन बायका होत्या आणि दोघींना एकाच दिवशी मुलगा झाला. सुईण एकच. ती दोन घरांमध्ये अशी धावत होती, की आधी कोण जन्मले ते तिला मरेपर्यंत नक्की सांगता आले नाही. त्यामुळे थोरली पाती, म्हणजे घराण्याची वडील शाखा, कोणाची हा प्रश्न तीन पिढ्या लोंबकळत राहिला. एरवी त्याने कोणाचे अडत नव्हते. अडायचे पोळ्याला.

पोळ्याला गावचे सगळे बैल सजून वेशीजवळच्या आंब्याच्या तोरणापाशी जमतात. मानाचा बैल पहिला तोरणाखालून जातो, मग बाकीचे जातात, पोळा फुटतो, आणि मग बैल दारोदार पूजेला नेतात. मान थोरल्या पातीचा. पूर्वी दोन्ही घरे आळीपाळीने मान घेत. पण मागच्या पोळ्याला कोणाची पाळी होती यावरून एकदा बिनसले आणि सलग दोन वर्षे पोळा फुटलाच नाही. दोन्ही पाटलांचे बैल खांद्याला खांदा लावून तोरणापुढे उभे. कोणीच दुसरा व्हायला तयार नाही. अंधार पडल्यावर सगळ्यांनी आपापले बैल मागच्या गल्लीने घरी नेले. तोरणाखालून न गेलेला बैल पूजेला दारात घेत नाहीत, म्हणून पुरणपोळ्या माणसांनीच खाल्ल्या, आणि त्याही कोणाच्या घशाखाली नीट उतरल्या नाहीत.

यात काकांचा जीव अडकला होता. त्यांचा तांबडा बैल बारा वर्षे त्यांच्या नांगराला होता. त्याचा जोडीदार उन्हाळ्यात गेला. तांबड्याच्या एका डोळ्यात फूल पडले होते आणि तो बसला की दोघांनी हात दिल्याशिवाय उठत नसे. काका त्याच्या पाठीवर हात फिरवीत एकदा मला म्हणाले, "दोन वर्सं तोरनापर्यंत जाऊन वापस आला तो. पुढच्या पोळ्याले काही तो राह्यत नाई. यंदा एक डाव तोरनाखालून गेला पाह्यजे. बाकी मले काई नको."

झाले. ज्या माणसाच्या घामावर मी शिकलो होतो तोच माणूस अडचण सांगत होता. मी रात्रंदिवस विचार केला आणि मला विद्यापीठाची आठवण झाली. तिथे कोणी पणजोबाची सुईण विचारीत नाही. परीक्षा घेतात, गुण देतात, पहिला येईल तो पहिला.

मी दोन्ही पाटलांकडे गेलो. मला वाटले होते, मन वळवायला आठवडा लागेल. पाव तासात दोघांनी होकार दिला. आपला बैल पहिला येणार याची दोघांना खात्री होती आणि माझ्या निःपक्षपातीपणाचीही. वरच्या आळीचे पाटील बैठकीतल्या लोकांना म्हणाले, "बीएले बैलातलं काईच समजत नाई. मंग तो लबाडी कशी करन?"

मी हा गौरव समजलो.

नियम लिहायला बसलो आणि मला थांबताच येईना. विद्यापीठाचे छापील नियमपत्रक ट्रंकेत होते, ते समोर ठेवून मी त्यातली कलमे एकेक करून बैलांना लावली. चाल पंचवीस गुण, अंगकाठी पंचवीस, दात पंचवीस, आज्ञापालन पंचवीस. तेहतीसला पास. उमेदवाराने शेजारच्या उमेदवाराकडे पाहू नये. परीक्षा चालू असता धन्याने काही सुचवल्यास ती नक्कल समजली जाईल. अनुत्तीर्ण उमेदवारास तोरणाखालून जाता येणार नाही.

हे शेवटचे कलम का घातले, असे मला पुढे अनेकांनी विचारले. पत्रकात 'अनुत्तीर्ण उमेदवारास पदवीदान समारंभास येता येणार नाही' असे होते. मी समारंभाच्या जागी तोरण लिहिले, इतकेच. सुंदर बसले म्हणून लिहिले.

पत्रकातल्यासारखा अर्जही केला : उमेदवाराचा रंग, वय, बापाचे नाव. या तिसऱ्या रकान्याने गावात दोन दिवस धमाल उडवली. ज्यांनी वीस वर्षांत बैलाच्या बापाचा विचार केला नव्हता ते जुन्या गुराख्यांकडे चौकशीला जाऊ लागले. त्यातून असे निघाले, की दोन्ही पाटलांच्या बैलांचा बाप एकच, गावचा जुना वळू. दोन्ही बैल एकाच श्रावणात जन्मलेले. आधी कोणता, ते गुराख्याला आठवत नव्हते. दोन्ही पाटलांची माणसे त्या बिचाऱ्याला दोन्हीकडून धरून ओढू लागली तेव्हा मी तो रकाना खोडून टाकला.

परीक्षा पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मारुतीसमोरच्या मैदानात झाली. बेचाळीस बैलांच्या पुठ्ठ्यावर गेरूने क्रमांक घातले होते. मी कोट, टोपी आणि चष्मा घालून हातात यादी धरून उभा होतो. सगळे धनी दोरीपलीकडे, तोंड मिटून.

पहिला बैल समोर आला. आज्ञापालन. मी स्वच्छ आवाजात म्हणालो, "पुढे चला."

बैल माझ्याकडे पाहत राहिला. त्याला जन्मात कोणी 'चला' म्हटले नव्हते. धन्याच्या जिभेवर बैल हाकायचा आवाज आला होता, पण नक्कल होईल म्हणून त्याने तो गिळला. मी पुन्हा म्हणालो, "कृपा करून पुढे चला." दोरीपलीकडे कोणीतरी फिसकन हसले. मी शून्य लिहिले. असे मी चाळीस शून्ये लिहिली. दातांचेही तसेच. बैलाच्या तोंडात हात घालायचे धैर्य मला झाले नाही. मी लांबूनच अंदाजाने तीन, चार, पाच असे गुण मांडत गेलो.

एकटा तेल्याचा घाण्याचा बैल मी काही म्हणायच्या आधीच चालू लागला आणि माझ्याभोवती गोल फिरत राहिला. सांगेपर्यंत थांबला नाही, सांगितल्यावरही थांबला नाही. निदान चालला तरी, म्हणून मी त्याला आज्ञापालनात वीस गुण दिले.

दोन्ही पाटलांचे बैल आले तेव्हा मी आधी बैलांच्या मागे पाहिले. दोन्ही बैल देखणे, पण त्यांच्यामागे दोन्ही आळ्यांतले तरणे लाठ्या टेकून उभे होते. एकाला एक गुण जास्त दिला तर रात्री मी कोणत्या गल्लीने घरी जाणार? मी एकाच्या रकान्यात जे लिहिले तेच दुसऱ्याच्या रकान्यात उतरवले. आयुष्यात केलेली माझी एकमेव नक्कल, तीही परीक्षक म्हणून.

शेवटी काका तांबड्याला घेऊन आले. त्याला पहाटे नदीवर धुऊन आणले होते. तांबड्याने मला ओळखले. तो सरळ माझ्यापाशी आला, कोटाच्या खिशात नाक खुपसले आणि यादीचा कोपरा चाटू लागला. सगळे गाव पाहत होते. पुतण्या काकाच्या बैलाला किती गुण देतो, हेच सगळ्यांना पाहायचे होते. मी ताठ झालो. परीक्षकाशी सलगी केल्याबद्दल आज्ञापालनात शून्य. अंगकाठी शून्य. दात नव्हतेच, शून्य. चालत आला म्हणून चालीचे चार. एकूण चार.

मी आकडा मोठ्याने वाचून दाखवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. तांबड्याच्या पुठ्ठ्यावरची गेरू काकांनी हाताने सारखी केली आणि ते त्याला घेऊन गेले.

संध्याकाळी गोठ्यात काका तांबड्याचे खांदे लोणी-हळदीने चोळत होते. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतात. काका त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग वर न पाहता मला म्हणाले, "चार मार्कवाला तोरनाखालून जाते काय?"

"नाही, काका. तसा नियम आहे."

"कोनं केला?"

"मीच."

"मंग तूच मोड."

"असा मोडता येत नाही, काका. मग परीक्षेला अर्थ काय राहिला?"

काकांनी पळसाचे पान बुडवून पुन्हा खांदा चोळायला घेतला. काकू दारातून म्हणाल्या, "याच्यापक्षा तहसीलदार झाला असता तं बरं झालं असतं. तो निदान दूर तं राह्यला असता."

त्या रात्री मी बेरजा केल्या. त्यात मला एक गोष्ट आढळली आणि मी दिवा मोठा करून सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. पण निकाल म्हणजे निकाल. मी तो खरडून फिरवला नाही. आता वाटते, खरडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीजवळ सगळे गाव लोटले. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. डफडे वाजत होते. दोन्ही पाटलांचे बैल तोरणापुढे, खांद्याला खांदा लावून, गेल्या दोन वर्षांसारखेच. काका सगळ्यांच्या मागे उभे होते, तांबड्याच्या गळ्यात हात टाकून. त्याच्या अंगावर काकूंच्या जुन्या लुगड्याची झूल होती.

डफडे थांबवून मी निकाल वाचला. "परीक्षेस बसलेले बेचाळीस. उत्तीर्ण एक. तेल्याचा बैल, चौतीस गुण, तिसरा वर्ग."

मी घाईघाईने पुढे वाचले, "बाकी सर्व अनुत्तीर्ण."

मग एक म्हातारी ओरडली, "काल आवतन देलं, अन् आज दारावर आलेल्या पाहुन्याले नापास? असं कोनाच्या घरी करते काय बे?" आणि मग एकच गलका. मुद्दा बिनतोड होता. आमंत्रण दिलेल्या एकेचाळीस पाहुण्यांना मी जेवणाच्या वेळी नापास करून परत पाठवत होतो. तेली तेवढा शांत होता. तो बैलाच्या कानात पुन्हा पुन्हा सांगत होता, "पास झाला रे तू. पास झाला."

गर्दीतून वरच्या आळीचे पाटील माझ्याकडे आले. दुसऱ्या बाजूने खालच्या आळीचे आले. मी मधे. मला वाटले, आता लाठ्या. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते; माझ्या हातातल्या यादीत आपापल्या बैलाचा आकडा पाहत होते. दोन वर्षांत एकमेकांशी एक शब्द न बोललेली ती माणसे माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू लागली.

"तुमच्या बैलाले किती देले यानं?"

"बत्तीस. तुमच्या?"

"बत्तीस."

"एकानं नापास?"

"एकानं."

"अन् तो घाण्याचा बैल पास?"

"चौतीस म्हनते."

खालच्या आळीचे पाटील हळूच हसले. वरच्या आळीच्यांनी ओठ दाबून पाहिले, मग त्यांनाही आवरेना. दोघे इतके हसले की वरच्या आळीच्या पाटलांना धोतराच्या सोग्याने डोळे पुसावे लागले. मग त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, लांब धरून पाहिली आणि खालच्या आळीच्या पाटलांना म्हणाले, "भाऊ, याले काईच समजत नाई हे आपल्याले मालूम होतं ना?"

"होतं. म्हनून तं याले बसवला."

"मंग ही यादी उलटी धरली तं बरोबर होईन."

त्यांनी यादी खरेच उलटी धरली. "सगळ्यात खाली कोन हाये?"

"चार मार्क," कोणीतरी मागून ओरडले. "बीएच्या काकाचा तांबडा!"

"येऊ द्या त्याले पुढं."

दोन्ही पाटलांनी आपापले बैल एकाच वेळी एकेक पाऊल मागे घेतले. कोण दुसरा झाला, हा प्रश्नच उरला नाही. गर्दीने वाट केली. काका तांबड्याला घेऊन पुढे आले. डफडे सुरू झाले.

तांबडा तोरणाखाली पोचला आणि थांबला. वर पाहिले. डोके वर करून त्याने तोरणाचे एक पान तोडले आणि चावू लागला. मग दुसरे. दात नव्हते, त्यामुळे एका पानाला फार वेळ लागत होता. मागे एकेचाळीस बैल फुरफुरत होते, घुंगरे वाजत होती, डफडेवाल्याचे हात दुखायला आले. पण त्याला हाकायला कोणी तयार नव्हते. दोन्ही पाटील हात जोडून उभे होते. काका तोंडाने एक आवाज न करता त्याच्या बाजूला उभे राहिले. पानाचा शेवटचा तुकडा गिळल्यावर तांबडा आपण होऊन पुढे गेला. पोळा फुटला. दोन्ही पाटलांचे बैल बरोबरीने गेले, मागून सगळे गाव, आणि शेवटी तेल्याचा पास झालेला बैल, थोडा गोल फिरत.

संध्याकाळी तांबड्याला दारोदार नेले. दोन्ही पाटलिणींनी त्याचे पाय धुतले. घरी परत आल्यावर काकूंनी त्याला पुरणपोळी दुधात कुस्करून दिली. तो खाली बसला. मी काकांजवळ गेलो आणि म्हणालो, "काका, माझं चुकलं. पण शेवटी पोळा फुटला ना? म्हणजे गावाच्या कामी आलोच की मी."

काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. बैलबाजारात पाहतात तसे.

"चार मार्कवाल्याले बारा वर्सं नांगराले जुंपत होतो मी," ते म्हणाले. "तुले कुठं जुंपावं, ते सांग बे पहिले."